बिनटाक्याचे सोंग

श्रावण सरत आला की आमच्या पांढुर्णा-सौसर भागातील शाळांत मुलांचे चित्त वर्गात राहत नाही. फळ्यावर गणित मांडलेले असते आणि मागच्या बाकांवर लाकडी बैलाच्या चाकांविषयी कुजबुज चालू असते. श्रावणी अमावास्येला थोरांचा पोळा आणि दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा. थोरांच्या पोळ्याला खरे बैल, मुलांच्या पोळ्याला लाकडाचे. चाकांवर उभा केलेला बैल दोरीने ओढीत मुले दारोदार जातात, घरची बाई बैलाला व मुलाला कुंकू लावते आणि मुलाच्या हातावर बोजारा ठेवते. या बैलाबरोबर मुलाने काही सोंग घेऊन यावे, अशी चाल अलीकडे फार वाढली आहे. कोणी शेतकरी होतो, कोणी शिवाजी, कोणी जिजाऊ, कोणी कृष्ण. शाळाशाळांतून आणि चौकाचौकांतून वेशभूषेच्या स्पर्धा होतात.

अशाच एका स्पर्धेत माझ्या हातून झालेली चूक मी या लेखात सांगणार आहे. ती सांगितल्यावाचून मुलाचे सोंग सुईदोऱ्याविना कसे करावे, ही कृती सांगण्यात काही अर्थ नाही.

तेव्हा मी आमच्याच भागातील एका प्राथमिक शाळेत होतो. तान्ह्या पोळ्याच्या स्पर्धेला तीस-पस्तीस मुले उभी होती. त्यांतील बहुतेकांनी भाड्याचे पोशाख आणले होते. चकचकीत सॅटिनचे अंगरखे, पाठीला चिकटपट्टी, पुठ्ठ्याची ढाल, दोऱ्याने कानाला अडकवायच्या मिशा. एका दिवसाचे भाडे त्या वेळच्या एका दिवसाच्या मजुरीच्या जवळपास जात होते. या रांगेत तिसरीतला एक मुलगा आजीच्या जुन्या लुगड्याचे धोतर नेसून, डोक्याला मुंडासे बांधून आणि पाठीवर गोणपाटाची खोळ घेऊन उभा होता. बरोबर लाकडी बैल होता, तोही घरीच तासलेला. छायाचित्र घेण्याची वेळ आली तेव्हा ‘ड्रेस’ असलेल्या मुलांना पुढे उभे करा, असे मी म्हणालो आणि तो मुलगा मागे गेला. बक्षीस अर्थातच सॅटिनच्या राजाला मिळाले.

कार्यक्रम संपल्यावर त्याची आजी माझ्यापाशी आली. रागावलेली नव्हती. तिने नुसते विचारले, “गुरुजी, पोराच्या अंगावर शिवलेलं काई नोतं, म्हणून त्याले मांगं बसवलं का जी?”

मराठी विषयाची पदव्युत्तर पदवी माझ्यापाशी होती, उत्तर नव्हते. त्या प्रश्नाचा जितका विचार केला तितके माझे अज्ञान माझ्यापुढे उघडे पडत गेले.

आमचा मुलूख

पांढुर्ण्याचे नाव घेतले की परगावच्या माणसाला प्रथम गोटमार आठवते, आणि ते स्वाभाविक आहे. तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, एका तीरावर पांढुर्णा व दुसऱ्या तीरावर सावरगाव उभे राहते आणि दगड सुटू लागतात. दरवर्षी माणसे जखमी होतात. जीवही गेले आहेत. वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात ती त्याचीच. परंतु त्याच दिवशी, त्याच गावांच्या गल्ल्यांतून, हातभर उंचीचे बैल ओढीत मुले फिरत असतात. त्यांची बातमी होत नाही. एकाच तिथीला थोरांच्या हाती दगड आणि मुलांच्या हाती दोरी, असा हा आमचा मुलूख आहे. म्हणून त्या दिवशी मुलाच्या हाताला घरात काय काम मिळते, ही गोष्ट येथील शिक्षकाला क्षुल्लक वाटत नाही.

देवगडच्या गोंड राज्यानंतर हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे आला. तान्हा पोळा दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी १८०६ साली सुरू केला, असे नागपूरकडे सांगतात. पुढे मध्यप्रांताची राजधानी नागपूर, म्हणून आमचे कोर्टकचेरीपासून लग्नाच्या बस्त्यापर्यंतचे सारे व्यवहार तिकडेच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. त्याबरोबर पांढुर्णा आणि सौसरही राहिले. २०२३ साली या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. वरूड, नरखेड, काटोल या शेजारच्या तालुक्यांची आणि आमची माती एक, संत्री एक, कपाशी एक आणि बोली एक. फरक इतकाच, की आमची पुष्कळ मुले घरी मराठी बोलतात आणि शाळेत हिंदीत लिहितात.

‘नेसणे’ आणि ‘घालणे’

या दुहेरी व्यवहारात मराठीचे कोणते शब्द प्रथम गळतात, हे मी बरीच वर्षे पाहत आलो आहे. आई, भात, पाऊस हे शब्द जात नाहीत. ज्या शब्दांमागची क्रिया हातातून जाते, ते शब्द जातात.

वस्त्रांचेच उदाहरण घ्या. सदरा घालावा, टोपी घालावी. पण धोतर नेसावे, लुगडे नेसावे, घोंगडी पांघरावी, उपरणे घ्यावे, फेटा बांधावा, मुंडासे गुंडाळावे. शिवलेल्या वस्त्राला मराठीत बहुधा एकच क्रियापद पुरते. न शिवलेल्या वस्त्राला मात्र भाषेने चार-पाच क्रियापदे घडवली, कारण त्या प्रत्येक वस्त्राशी हाताने करायचे काम निराळे आहे. शिवलेले वस्त्र आपला आकार घेऊनच घरी येते. न शिवलेल्या वस्त्राला अंगावर येईपर्यंत आकार नसतो. तो नेसणाऱ्याने द्यायचा असतो. म्हणून त्यात निऱ्या आल्या, ओचा आला, कासोटा आला, सोगा आला, पदर आला. आज आमच्या वर्गातील मुलगी ‘आईने साडी घातली’ असे सहज बोलते. तिला हसून उपयोग नाही. नेसताना कोणाला पाहिलेच नाही, तर ‘नेसणे’ तिच्या जिभेवर यावे कोठून?

शिवणकामाला उणे लेखण्याचा माझा हेतू नाही. संत नामदेव शिंप्याच्या कुळातले. ज्या भाषेला त्यांचे अभंग लाभले, तिच्यात सुईदोऱ्याला कोणी उणे म्हणणार नाही. परंतु टाका नसलेला वेष म्हणजे दारिद्र्याचा वेष, हा जो समज मी त्या दिवशी भर अंगणात मुलांना शिकवला, तो साफ खोटा होता. विठोबाच्या देवळातील उपरण्यापासून मुंजीतल्या बटूच्या लंगोटीपर्यंत आपली कितीतरी मंगल वस्त्रे बिनटाक्याचीच आहेत.

तेव्हा आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. सात-आठ वर्षांच्या मुलाला बेतशीर होतील अशी दोन सोंगे सांगतो. पहिले शेतकऱ्याचे आणि दुसरे त्याच्या बैलाचे.

शेतकरी

साहित्य घरातलेच. सव्वादोन ते अडीच मीटर लांबीची सुती ओढणी किंवा जुन्या धोतराचा तेवढा तुकडा. मुंडाशासाठी दोनेक मीटरचा हलका पंचा. आणि एक स्वच्छ गोणपाट. मुलाला चड्डी व बंडी घालावी आणि कमरेला नाडी किंवा जाडसर करदोडा सैलसर बांधावा. पुढे सगळी खोचाखोच या नाडीत करायची असल्याने तिच्यावाचून धोतर टिकत नाही.

प्रथम मुलाच्या बेंबीपासून घोट्यापर्यंत कापड धरून पाहावे. जास्तीची रुंदी वरच्या काठाकडे आत दुमडावी. खालचा काठ घोट्याच्या चार बोटे वरच राहिला पाहिजे. कापडाचा मध्य पाठीमागे कमरेवर ठेवून दोन्ही पदर पुढे आणावेत आणि बेंबीखाली त्यांच्या वरच्या काठांची एक साधी गाठ मारावी. आता डाव्या पदराच्या निऱ्या घालून तो दोन्ही पायांमधून मागे न्यावा आणि पाठीशी नाडीत घट्ट खोचावा. हा कासोटा. उजव्या पदराच्या निऱ्या घालून त्या पुढे खोचाव्यात आणि टोक मोकळे सोडावे. हा सोगा. एवढे झाले की मुलाला अंगणात तीन फेऱ्या पळायला लावावे. धोतर सुटले तर त्याचे कारण बहुतेक वेळा कासोट्याच्या निऱ्या थोड्या पडल्या, हे असते. पुन्हा नेसवावे. दोन-तीन वेळा नेसवल्यावर मूल स्वतःच नेसू लागते, आणि आपले खरे काम तेथे साधते.

मुंडाशाला पंचा प्रथम लांबीत पिळून घ्यावा, एक टोक कानामागे धरून डोक्याभोवती वळसे द्यावेत आणि शेवटचे टोक वळशाखाली खोचावे. फेट्यासारखा शेमला काढू नये. कामकरी शेतकऱ्याचे मुंडासे आटोपशीर असते.

गोणपाटाची खोळ हे तर आमच्या शेतकऱ्याचे पावसाळी वस्त्र. पोते आडवे धरून त्याच्या बंद बाजूचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात ढकलला की टोपरे तयार होते आणि बाकीचे पोते पाठीवर लोंबते. त्यात एकही टाका नाही, तरी भर पावसात पेरणी-निंदणीच्या दिवसांत त्याने पिढ्यान्‌पिढ्या पाठी कोरड्या राखल्या. मात्र खताचे अथवा औषधाचे पोते कदापि घेऊ नये. धान्याचे पोते घ्यावे, ते आदल्या दिवशी झटकून, धुऊन, वाळवावे. नाहीतर मूल दिवसभर खाजवत राहते.

बैल

ज्या मुलाकडे लाकडी बैल नाही, त्याने स्वतःच बैल व्हावे. यासाठी पुठ्ठ्याचा मोठा खोका लागतो. संत्र्याचा मुख्य हंगाम पोळ्यानंतरचा असल्यामुळे त्या दिवसांत संत्र्यांचे खोके सहजी मिळत नाहीत; किराणा दुकानातील साबणाचा किंवा बिस्किटांचा खोका घ्यावा. मूल आत उभे राहिल्यावर दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरावी आणि खालची कड गुडघ्याच्या वर राहावी.

खोक्याचे वरचे व खालचे झाकण कापून टाकावे. पुढच्या व मागच्या भिंतीला वरून चार बोटे सोडून दोन-दोन भोके पाडावीत. जुन्या साडीच्या दोन रुंद पट्ट्या पुढच्या भोकांतून ओवून आतल्या बाजूने गाठी माराव्यात, त्या मुलाच्या खांद्यांवरून नेऊन पाठीवर एकमेकींवर फुली करून मागच्या भोकांत बांधाव्यात. फुली न केल्यास पट्ट्या खांद्यांवरून घसरतात. सुतळी वापरू नये, ती खांद्याला काचते.

तोंड वेगळ्या पुठ्ठ्याचे करावे आणि ते खोक्याच्या पुढच्या भिंतीला सुतळीने बांधावे. मुलाच्या चेहऱ्यावर मुखवटा बसवू नये. चेहरा उघडा राहिला म्हणजे मुलाला वाट दिसते, श्वास नीट घेता येतो आणि कुंकू लावणाऱ्या बाईला कपाळही सापडते. शिंगांसाठी वाण्याच्या पुडीसारख्या वर्तमानपत्राच्या दोन निमुळत्या पुड्या कराव्यात, आत कागदाचे बोळे ठासावेत, थोडे वाकवावे आणि वरून खळ लावलेल्या कागदाच्या पट्ट्या गुंडाळाव्यात. खळीसाठी दोन चमचे मैदा कपभर पाण्यात कालवून मंद आचेवर दाट होईपर्यंत ढवळावा. पूर्वी पुस्तके बांधणारे खळीला कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद घालीत. तो विषारी आहे, मुलांच्या कामात मुळीच घालू नये. श्रावणातल्या दमट हवेत शिंगे वाळायला दोन दिवस लागतात, तेव्हा हे काम आधीच हाती घ्यावे.

अंगाला गेरू, पांढऱ्या ठिपक्यांना खळीत कालवलेली खडूची पूड, शिंगांना कुंकू. पाठीवर जुन्या काठापदराच्या साडीची झूल टाकावी. झुलीच्या चारही कोपऱ्यांना छोट्या गाठी मारून त्या गाठींनाच सुतळी बांधली की ती खोक्याला पक्की बसते. कपाळावर रंगीत कागदाच्या झिरमिळ्यांची मठाटी, नाकात सुतळीची वेसण, गळ्यात एखादेच घुंगरू. गोठ्यातील घुंगरमाळ मोहात पाडते, पण ती जड असते आणि पुठ्ठा फाडते.

तीन गोष्टी आवर्जून पाळाव्यात. मुलाच्या गळ्याभोवती कोणतीही दोरी किंवा कापडाची गाठ येऊ देऊ नये. ओवाळण्याच्या निरांजनापाशी झूल व झिरमिळ्या येऊ देऊ नयेत. नायलॉनची साडी तर घेऊच नये, ती पेटते आणि वितळून अंगाला चिकटते. आणि लहान मुलाच्या कपड्यांत टाचण्या लावू नयेत. सुईदोऱ्याविना काम करायचे ठरवल्यावर टाचणी ही सुईचीच बहीण आहे, हे विसरू नये.

पुढच्या वर्षी

त्या आजीच्या प्रश्नानंतरच्या वर्षी आम्ही स्पर्धेचे नियम बदलले. पोशाख भाड्याचा नको, शिवलेला नको. घरातील वस्तूंचाच हवा. आणि अंगावर जे जे आहे त्याचे मराठी नाव मुलाने स्वतः सांगायचे. गुण निम्मे वेषाला, निम्मे नावांना.

पालकांपैकी काहींना हे रुचले नाही. एका गृहस्थांनी, “गुरुजी, पैसे आम्ही देतो, तुम्हाला काय अडचण?” असेही विचारले. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. आदल्या वर्षी त्यांना तो धडा मीच दिला होता. परंतु आठ दिवस आधीपासून एक निराळीच गोष्ट घडू लागली. मुले घरी जाऊन आजी-आजोबांना प्रश्न विचारू लागली. ज्या आज्या घराच्या कोपऱ्यात बसून होत्या, त्यांना एकाएकी काम लागले. धोतर नेसवता येईल असा पुरुष गल्लीत कोण उरला आहे, याचा शोध सुरू झाला. शाळेच्या फळ्यावर मी रोज मिळतील तेवढे शब्द लिहीत गेलो: कासोटा, सोगा, निरी, ओचा, मठाटी, बाशिंग, झूल, वेसण, कासरा. कासरा आणि वेसण यांतला भेद मला एका चौथीतल्या मुलीने समजावून दिला.

त्या आजींना मी स्वतः घरी जाऊन बोलावले होते. त्या आल्या. शाळेच्या ओसरीत बसून त्यांनी एकामागून एक मुलांना धोतरे नेसवली आणि प्रत्येकाला कासोटा मागून ओढून पाहिला. ऐन कार्यक्रमात पाऊस आला, एका बैलाची दोन्ही शिंगे गळून पडली, तरी तो बैल तसाच जागेवर उभा राहिला आणि सगळ्यांनी त्याला टाळ्या दिल्या.

त्या आजींचा नातूही आला होता, पण कडेला उभा राहून पाहत होता. “तू नाही का रे नेसणार?” असे मी विचारले. त्याने मान हलवली आणि खाली पाहून म्हणाला, “नाई. मले हासतात.” पुढे तो दुसऱ्या शाळेत गेला. मी त्या शाळेत असेपर्यंत त्याने पुन्हा कधी धोतर नेसलेले माझ्या पाहण्यात नाही. ज्याच्यामुळे नियम बदलला, त्याला त्या नियमाचा काही उपयोग झाला नाही. शिक्षकाच्या एका वाक्याने मोडलेली गोष्ट शिक्षकाच्या दहा नियमांनीही सांधत नाही, हे मी तेव्हा शिकलो.

वाचकांना विनंती

आपल्यापैकी कोणी इंदूरला असतील, कोणी ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबादला. तेथे पोळा नसेल, तान्हा पोळाही नसेल. पण शाळेचे स्नेहसंमेलन असते, गणेशोत्सवातल्या स्पर्धा असतात, आणि “उद्या सोंग घेऊन यायचे आहे” असे मूल आदल्या रात्रीच सांगते, हा अनुभव सर्वत्र सारखाच. त्या रात्री दुकान शोधायला निघण्यापूर्वी घरातील कपाट उघडावे. एक ओढणी, एक पंचा, एक खोका एवढ्यावर निम्मे सोंग उभे राहते. घरात वडील माणूस असेल तर त्याला हाक मारावी. गाठ त्याला मारू द्यावी आणि नाव त्याला सांगू द्यावे. वडील माणूस नसेल तर वर दिलेली कृती हाताशी घेऊन आपणच दोन वेळा चुकावे. चुकलेले धोतर सोडून पुन्हा नेसता येते. शिवलेल्या कपड्यात ती सोय नाही.

आणि वेषासाठी कोणा मुलाला मागच्या रांगेत उभे करण्याचा प्रसंग आपल्यावर आलाच, तर त्या मुलाच्या अंगावर कोणाचे लुगडे आहे, एवढे आधी विचारून घ्यावे. मी विचारले नव्हते.